लाल चौकटी आणि ‘काय झाडी’

आम्ही चार-पाच जण मिळून मराठी मीम्सचा ऑनलाइन कोश करतोय. माझ्याकडे डिझाइन आहे, म्हणजे नोंदीचं पान कसं दिसणार, फॉर्ममध्ये कुठले रकाने, सर्च कसा चालणार हे सगळं. सुरुवातीला समोर नो युवर मीमचा साचा होता. २००८ च्या सुमारास न्यूयॉर्कमधून सुरू झालेली ती साइट, नोंदीत आधी हे मीम काय आहे ते, मग उगम, मग ते पसरलं कसं, खाली नमुने, आणि लोकांनी भरलेली नोंद तपासून झाल्याशिवाय पक्की धरत नाहीत. चांगला साचा आहे, मला अजूनही आवडतो. आपण मराठीत तसाच वापरू असं मी धरून चालले होते.

मग फॉर्म टेस्ट करायचा दिवस आला. आमचा टेस्टर सांगोल्याजवळच्या गावचा. मी म्हटलं तुला पाठ असलेलं एखादं मीम भर. त्याने अर्थातच ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटील’ घेतलं. दहा मिनिटांत हाक आली, “ताई, हे सेव्हच होत नाय.”

जाऊन बघितलं तर दोन रकान्यांना लाल चौकटी. ‘मूळ चित्र’ आणि ‘मूळ दुवा’. दोन्ही मीच कम्पल्सरी केलेले.

आता यात मूळ चित्र कुठलं? जून २०२२, शिवसेनेतले बंडखोर आमदार आधी सुरत मग गुवाहाटी, तिथल्या हॉटेलातून सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि त्या कॉलची ऑडिओ क्लिप फुटली. बस्स, एवढंच. फोटो नाही, व्हिडिओ नाही, नुसता आवाज. फोटोवर मजकूर, रील, रिमिक्स गाणी हे सगळं नंतर आलं. आणि मूळ दुवा तरी कुठून आणणार, क्लिप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फॉरवर्ड होत होत आपल्यापर्यंत आली, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डला कुठली आलीय लिंक! म्हणजे महाराष्ट्रात अगदी शाळेतल्या पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं मीम आणि आमच्या कोशात त्याला जागाच नाही. मला खरंच वाईट वाटलं.

मी त्याला म्हटलं थांब, क्लिप लाव एकदा. खरं सांगायचं तर इतके दिवस मी ते वाक्य वाचतच आले होते, नीट ऐकलं नव्हतं. त्याने लावली, ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “ताई, लोक हाटीलवर हसतात, पण आमच्याकडं पाऊस कुठाय? आमच्याकडचा माणूस हिरवं बघितलं की असंच बोलतो, माझे वडील कोकणात गेलेवते तवा फोनवर अर्धा तास झाडीच सांगत होते.” सांगोला म्हणजे माणदेश, दुष्काळी तालुका, डाळिंबं निघतात ती थेंब थेंब पाण्यावर. तिथला माणूस ऐन पावसाळ्यात आसामात जातो आणि फोनवर पहिली कशाची आठवण काढतो तर झाडीची. माझ्यासारख्या पुण्यात वाढलेल्या बाईने ही नोंद लिहिली असती तर ‘ग्रामीण उच्चारामुळे विनोदी’ एवढं लिहून मोकळी झाली असती, आणि ते चूकच ठरलं असतं.

दुपारी बसून फॉर्म मोडला. चित्राऐवजी ‘मूळ रूप’, त्यात चित्र, व्हिडिओ, आवाज किंवा नुसतं वाक्य यापैकी काहीही चालेल. आवाज असेल तर प्लेचं बटण पानाच्या अगदी वर, मजकुराच्याही आधी. नवीन रकाना ‘बोली आणि गाव’. दुव्याच्या जागी ‘कुठून आलं’, तिथे साध्या वाक्यात लिहायची सोय. फोनवर समोर असलेल्या कार्यकर्त्याचं नाव घालायचं का यावर थोडी चर्चा झाली, मी नाही म्हटलं. बोलणारे आमदार, ते सार्वजनिक आयुष्यातले, ऐकणाऱ्याचं नाव नसलं तरी नोंद कळते.

संध्याकाळ सगळी सर्चमध्ये गेली. हॉटेल, हाटेल, हाटील, ओके, ओक्के, शिवाय रोमन लिपीत झाडी लिहिताना कुणी झ साठी झेड टाकतं कुणी जे-एच, या सगळ्यांनी एकाच नोंदीवर यायला पाहिजे. त्यात ‘व्हॉट्सॲप’ शोधलं तर निम्म्याच नोंदी येतात! कारण ॲ दोन प्रकारे टाइप होतो, एक अख्खं एकच अक्षर, आणि दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला. डोळ्याला सारखेच, पण कॉम्प्युटरला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर दोन प्रकारे टाइप झालं तर ते एकसारखं करून घेणं, ‘ऱ्या’तला ऱ जुळवून घेतं पण हे दोन ॲ जुळवत नाही. त्याचा नियम हाताने लिहावा लागला. मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासून बघा, प्लीज.

साडेआठला नोंद सेव्ह झाली. ‘कुठून आलं’मध्ये त्याने लिहिलं, “फोनवरचं बोलणं. क्लिप व्हॉट्सॲपवरून पसरली. पहिली पोस्ट सापडली नाही.” तिथल्या तिथे त्याने पानाची लिंक वडिलांना पाठवली. पाच मिनिटांत त्यांची व्हॉइस नोट आली, मागे गुरांचा आवाज, आणि ते म्हणत होते, “समदं बराबर हाय, पर डोंगर न्हाय रं, डोंगार. डोंगार म्हणलंय त्यांनी.”

क्लिप परत लावली आणि नोंदीचं शीर्षक बदललं.