आर्नोकाठचे कोल्हापूरकर

फ्लोरेन्स, मंगळवार रात्र

लांबच्या प्रवासात मध्येच एका शहरात बूड टेकून राहायचं, हा हट्ट माझा होता. म्युनिकहून आल्प्स ओलांडून येईपर्यंत बॅगा भरा, गाडी गाठा, पुन्हा बॅगा उपसा, यातच सगळे मेटाकुटीला आलो होतो. इथे सांत अम्ब्रोज्योच्या बाजाराजवळ छोटं घर भाड्याने घेतलं आणि पहिल्याच सकाळी सासूबाईंनी बाजारातून पांढरा घेवडा आणि टोमॅटो आणवले. कांदा-लसूण मसाल्याचा डबा त्यांनी कोल्हापुरापासून जिवापाड सांभाळलाय. तस्कनीतल्या पावात मीठ नसतं. नुसता खाल्ला तर घशाखाली उतरत नाही, पण आईंच्या तिखट रश्श्यात बुडवला की काय लागतो! तीन पिढ्या एका टेबलाशी बसून, कुठेही पळायचं नसताना जेवलो, ते या प्रवासात पहिल्यांदाच.

उफिझी संग्रहालय पाहिलं, मिकेलांजेलोचा डेव्हिड पुतळा पाहिला. त्यांच्याबद्दल मी वेगळं काय लिहिणार? मनात राहिली ती सांता क्रोचे चर्चजवळच्या भिंतीवरची एक पाटी. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात इथल्या आर्नो नदीचं पाणी कुठवर चढलं होतं, त्याची खूण. ह्यांनी हात उंच करून पाहिला, खूण त्याच्याही वर होती. सांता क्रोचेतल्या, चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या भव्य क्रुसावरचा बराचसा रंग त्या पुरात कायमचा गेला. चिखलातून पुस्तकं आणि चित्रं काढायला देशोदेशीची तरुण पोरं इथे आली होती. आई त्या पाटीपुढून हलेनात. त्यांचं माहेर प्रयाग चिखलीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्खं गाव पाण्यात होतं आणि भावाच्या घरातल्यांना बोटीने बाहेर काढलं होतं. परक्या शहरातली एवढीशी पाटी त्यांना कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही.

आजचा दिवस मात्र राजाराम महाराजांचा. लेकाला वाटत होतं, हे शिवरायांचे धाकटे पुत्र, ताराराणींचे पती. त्याच्याच काय, माझ्याही शाळेत या दुसऱ्या राजारामांविषयी कुणी सांगितलं नव्हतं. १८५० चा जन्म, दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले आणि १८७० मध्ये इंग्लंडला गेले. तिथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. परतीच्या वाटेवर युरोपातून येताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला याच शहरात वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती.

आईंच्या गुडघ्यांमुळे टॅक्सी केली. काशिने नावाचं हे उद्यान नदीकाठाने लांबच लांब पसरलंय. आज मंगळवारचा बाजार भरला होता, कपडे आणि चपलांची दुकानं थेट आमच्या लक्ष्मीपुरीची आठवण करून देणारी. तो मागे टाकून पार पश्चिम टोकाला गेलो. तिथे मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते. महाराजांबरोबरच्या मंडळींनी अंत्यसंस्कारासाठी संगमच मागितला. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती, तरीही नगरपालिकेने परवानगी दिली आणि इथेच चिता रचली गेली. कसे फिरले असतील ते लोक, ना भाषा, ना ओळख, धनी दगावलेला, आणि लाकडं गोळा करायची!

तिथे आता महाराजांचं स्मारक आहे, दगडी छत्रीखाली त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा. तो चार्ल्स फुलर या शिल्पकाराने घडवला आणि १८७४ मध्ये बसवला गेला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस उभारला तेच. हे कळल्यावर लेक छत्रीभोवती पुन्हा पुन्हा फिरला. पलीकडे १९७८ मध्ये झालेला मोठा पूल आहे, त्यालाही इथे ‘इंदियानो’चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात. फ्लोरेन्सकरांनी आमच्या राजाला विसरायचं ठरवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी त्याची जागा दीडशे वर्षं राखली. याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

आईंनी चप्पल काढली, कठड्याला हात लावून नमस्कार केला. मग लेकाकडे बघून म्हणाल्या, “तुझ्याएवढंच लेकरू की रे. आईला कधी कळलं असंल?”

लेक गेल्या महिन्यात वीस पूर्ण झाला. कालच मी त्याच्यावर ओरडले होते, रात्री एकटाच पिआझ्झाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकात गेला म्हणून. आज त्या पुतळ्यातला कोवळा चेहरा पाहताना मला राजा दिसलाच नाही. घरापासून हजारो मैलांवर ताप चढलेला एक मुलगा दिसला, आणि मी लेकाचा दंड धरून ठेवला. तोही काही बोलला नाही, हात सोडवून घेतला नाही.

परतल्यावर त्यानेच शोधून काढलं की महाराज या प्रवासात रोजनिशी लिहीत. ती त्यांच्या माघारी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. जुन्या इंग्रजीतली पानं फोनवर उघडून तो आजीला मराठीत सांगत बसलाय. ह्यांचं कॉलेज राजाराम कॉलेजच, ते याच महाराजांच्या नावाचं. तिथे वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसालाही आज पहिल्यांदा त्या नावामागचा मुलगा भेटला. ह्यांनी जुन्या मित्रांना छत्रीचे फोटो पाठवलेत आणि फोन सारखा वाजतोय.

उद्या सकाळी कॅथेड्रलच्या घुमटाची तिकिटं आहेत. ४६३ पायऱ्या, बापलेक चढणार, मी आणि आई खाली कॉफी घेत बसणार. परवा निघायचं होतं, पण आईंना आणखी एकदा संगमावर जायचंय, या खेपेला फुलं घेऊन. मी घरमालकिणीला आणखी एका रात्रीसाठी विचारलंय आणि ती हो म्हणालीय. बोलोन्याची तिकिटं आता लेक बदलतोय.