बाण त्याचे, शिफ्ट माझी

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून जावे लागे. धुळीने मशिने बिघडतात, असे बाई सांगत आणि आम्ही तो नियम देवळातल्यासारखा पाळत असू. दाराशी वीस जोड, आत एसीचा गारवा, खिडक्यांना जाड पडदे आणि प्रत्येक मॉनिटरवर शिवून घेतलेले कापडी कव्हर. ते कव्हर नीट घडी करून ठेवल्याशिवाय बाई मेन स्विचला हात लावत नसत.

साल १९९६. आम्ही आठवीत होतो. मशिने दहा, बॅचला मुले वीस. बाईंनी हजेरीपट बघून जोड्या लावल्या आणि दहावीपर्यंत बदलल्या नाहीत. कोणी तक्रार घेऊन गेला तर म्हणायच्या, "आधी त्याच्याशी बोल, मग माझ्याकडे ये." माझ्या वाट्याला नाशिकजवळच्या मखमलाबादहून सायकलवर येणारा, द्राक्षबागेतला मुलगा आला. त्याचे नाव मी इथे, आपल्या मेळाव्याच्या स्मरणिकेत, लिहीत नाही. "गाव लिही, नाव राहू दे," असे त्यानेच सांगितले आहे. माझ्या वर्गातल्यांना ते लागणारही नाही. मी पंचवटी कारंजाजवळ राहायचो, त्यामुळे शाळा सुटल्यावर थोडी वाट एकत्र असायची आणि तेवढ्या वाटेत आमचे बोलणे कधी पुरे झाले नाही.

पहिले वर्ष 'लोगो' या मुलांसाठीच्या संगणकभाषेत गेले. पडद्यावरच्या त्रिकोणी कासवाला हुकूम द्यायचा, फॉरवर्ड ५०, राइट ९०, की ते पन्नास पावले जाऊन काटकोनात वळायचे. हेच चार वेळा लिहिले की चौकोन. मग एक दिवस बाईंनी 'रिपीट ४' शिकवले. बाकीचे सगळे चौकोन काढत बसले. हा म्हणाला, "म्हणजे बागेतली एक ओळ आपण दाखवायची, बाकीच्या हा लावणार." पुढच्या तासाला त्याने पडद्यावर अख्खी बाग उभी केली, ओळीमागे ओळ. बाईंनी सगळ्या बॅचला त्या मशिनपाशी बोलावून ती दाखवली होती. त्याचा कान लाल झालेला मला अजून दिसतो.

प्रात्यक्षिक लवकर संपले की उरलेली दहा मिनिटे खेळायला मिळत. दोन-तीन मशिनांवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता. त्या काळच्या पोरांना वेगळे सांगायला नको. राजपुत्र तळघरात अडकलेला, हातात साठ मिनिटे, बारा लेव्हल. त्याचे पळणे, कठड्याला लोंबकळणे, धडपडून उभे राहणे इतके खरे वाटायचे की आम्ही खुर्चीत बसल्या बसल्या पाय आखडून घ्यायचो. हा खेळ १९८९ साली जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने केला आणि त्यासाठी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले, त्यावरून एकेक हालचाल उतरवून घेतली, हे फार पुढे वाचले. तेव्हा वाटले, बरोबरच आहे, कोणाचा तरी भाऊच होता तो.

एक कीबोर्ड आणि आम्ही दोघे. आम्ही वाटणी केली, बाण त्याचे, शिफ्ट माझी. ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांना सांगतो, शिफ्ट हे काही किरकोळ बटण नव्हे. ती दाबून चालले तर राजपुत्र जपून एकेक पाऊल टाकतो, खड्ड्याच्या काठाशी थांबतो. उडी मारून पलीकडचा कठडा हाताला लागला की शिफ्ट दाबून धरावी लागते, तर तो लोंबकळत राहतो. बोट उचलले की खाली, सुळक्यांवर. एकाच माणसाच्या हातात सगळी बटणे असली तर हे बोलावे लागत नाही. आम्हाला बोलावे लागायचे. "हळू." "धर, धर!" "सोड." तीन वर्षांत एवढे तीन शब्द आम्ही इतक्या वेळा म्हटले की शेवटी तो "ध" म्हणेपर्यंत माझे बोट पोचलेले असे.

आठव्या लेव्हलच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही. तिथे बाहेर जायचा दरवाजा उघडतो खरा, पण मधली जाळी बंद होते आणि राजपुत्र कोंडला जातो. आम्ही भिंतींवर उड्या मारल्या, फरशा तपासल्या, पुन्हा पुन्हा सुरुवात केली. १९९९ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली आणि तो कोंडलेलाच राहिला.

मधली वीस-बावीस वर्षे थोडक्यात सांगतो. तो कृषी पदवी घेऊन बागेत परतला, मी डिप्लोमा करून सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. लग्ने, बारशी, वर्षातून एकदा त्याच्या घरून येणारी द्राक्षाची पेटी. एवढाच संबंध.

२०२२ च्या ऑक्टोबर छाटणीत त्याचे पाय सुजायला लागले. दिवसभर बागेत उभे राहून सुजले असतील, असे त्याने धरले. डोके दुखायचे, ते फवारणीमुळे असेल म्हणून सोडले. जिने चढताना दम लागला तेव्हा कुठे दवाखान्यात गेला. रक्तदाब २१० वर, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, ११. निरोगी माणसाचे ते एकच्या आसपास असते. कित्येक वर्षे रक्तदाब आतून वाढत होता आणि त्याने दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या. त्या माणसाला चाळिशीपर्यंत कोणी एकदा दंडाला पट्टा बांधून बघितले नव्हते. ही स्मरणिका माझ्या वयाची शेकडो माणसे वाचतील. कृपा करून या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या. काही दुखत नाही म्हणून थांबू नका, त्यालाही कित्येक वर्षे काही दुखत नव्हते.

पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा मी दोन शहाळी नेली. आजाऱ्याला आपण तेच नेतो. सिस्टरांनी ती माझ्या हातातून हलकेच घेतली आणि बाजूला नेऊन सांगितले की, याला नारळपाणी विषासारखे आहे. किडनी चालत नसली की पोटॅशियम रक्तात साठते आणि ते फार वाढले तर हृदय थांबू शकते. केळी नाहीत, सुका मेवा नाही, भाजीसुद्धा चिरून, उकळून, ते पाणी ओतून देऊन करायची. दिवसभराचे पाणी, चहा, वरण सगळे धरून लिटरभराच्या आत. वहिनींनी त्यासाठी एक स्टीलचा लोटा ठेवला आहे. सकाळी तो भरतात, तो संपला की दिवसाचे पाणी संपले. द्राक्षे मोजून दहा. ज्याच्या बागेतून ट्रक भरून माल जातो त्याला दहा मणी मोजून खाताना बघितले आणि मी खिडकीकडे तोंड वळवले.

आणि त्याच माणसाचे रक्त धुवायला डायलिसिसच्या मशिनला एका वेळी १२० लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास.

डायलिसिसच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागतात. मी दारात घुटमळलो होतो. आतून मास्कच्या मागून त्याचा आवाज आला, "काढ चपला. लॅब आहे." आत एसी, ओळीने मशिने, प्रत्येकाशेजारी एकेक माणूस. मी मास्क नीट केला आणि जाऊन त्याच्या उशाशी बसलो.

त्याच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर फिस्टुला केलेला आहे. छोट्या शस्त्रक्रियेने तिथली शीर धमनीला जोडतात, म्हणजे ती जाड होते आणि पुन्हा पुन्हा सुया टोचून घेऊ शकते. त्या हाताने ओझे उचलायचे नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, घड्याळही बांधायचे नाही. त्याने माझा हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली बारीक, अखंड थरथर होती. मला शाळेतले मशिन आठवले. पडदा काळा असला की आत जीव आहे की नाही हे बघायला आम्ही कॅबिनेटवर तळहात टेकवायचो आणि आतला पंखा असाच हाताला लागायचा. "रोज उठल्या उठल्या आधी हात लावून बघतो," तो म्हणाला. "थांबली तर लगेच यायचे, असे सांगितले आहे." तेव्हापासून भेटलो की मी हस्तांदोलन करत नाही, तिथे बोटे ठेवतो.

नाशिककराला गोदावरीच्या पुराचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळते. गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला आले. वहिनींनी रिपोर्ट समजून घ्यायची हीच रीत केली आहे. फोनवर म्हणतात, "भाऊजी, आज कमरेला आहे," आणि मला कळते.

आजारी माणसाशी काय बोलावे हे मला येत नव्हते. येणारे लोक बोलायचे ते मी ऐकत होतो. कोणी किडनी साफ करणाऱ्या काढ्याचा मेसेज दाखवायचा, कोणी त्याच्यासमोर आपल्या चुलत्याचे कसे झाले ते शेवटपर्यंत सांगायचा. काढ्यांपासून तर दूरच ठेवावे लागते. मला एकच कळत होते, त्या चार तासांत त्याचा डावा हात जागचा हलवता येत नाही, पुस्तकाचे पान उलटायचीही पंचाईत होते आणि घड्याळ पुढे सरकत नाही. मग एका बुधवारी पहिली पाळी संपवून तीनला निघालो आणि लॅपटॉप घेऊन गेलो. डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम टाकला की जुने खेळ चालतात. सिस्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, हात हलणार नसेल तर खेळा.

पलंगावरचे जेवणाचे टेबल पुढे ओढले. त्याने उजवा हात बाणांवर ठेवला आणि माझ्याकडे बघितले. मी शिफ्टवर बोट ठेवले. काही ठरवावे लागले नाही.

त्याला शेवटच्या तासात कधी कधी पोटरीत गोळे येतात. पाणी काढले जाते त्याचा तो परिणाम. तेव्हा तो "धर" म्हणतो आणि मी लॅपटॉप सोडून पोटरी दाबून धरतो. थोड्या वेळाने "सोड" म्हणतो. सुरुवातीला वहिनी याला हसल्या होत्या, आता त्यासुद्धा तेच शब्द वापरतात.

मागच्या पावसाळ्यात आम्ही आठव्या लेव्हलला पोचलो. जाळी पडली, राजपुत्र कोंडला. "आलं तुझं मार्च नव्याण्णव," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा हात किंचित हलला असावा, मशिन ओरडायला लागले. सिस्टर धावत आल्या, सुईवरची पट्टी नीट केली. आम्ही दोघांनी कीबोर्ड सोडला होता आणि पडद्यावर राजपुत्र नुसता उभा होता. दहा-बारा सेकंद गेली असतील. मग एक पांढरा उंदीर पळत आला, फरशीवरच्या कळीवर चढला आणि जाळी वर गेली.

"उंदीर!" हा मास्कमधून एवढ्या मोठ्याने ओरडला की सिस्टर जमिनीकडे बघायला लागल्या.

तो उंदीर राजकन्येने पाठवलेला असतो. शाळेत आम्ही त्या जागी कधी दहा सेकंद थांबलोच नव्हतो. साठ मिनिटांचे घड्याळ चालू, तासाची घंटा व्हायची, थांबणार कोण? जाळी पुन्हा पडायला लागली तशी त्याने बाण दाबला. त्या दिवशी मशिनवरून उतरवून त्याचे वजन केले, तोपर्यंत तो उंदराबद्दलच बोलत होता.

त्याच्या आईचा रक्तगट जुळतो, पण त्यांना मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांची किडनी घेण्यास नकार दिला. त्या दिवशी काकू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या. वहिनींचा गट जुळत नाही. त्याचे नाव प्रतीक्षायादीत आहे. मोबाइल कधी बंद ठेवायचा नाही, कुठून कधी फोन येईल सांगता येत नाही, म्हणून बागेतल्या पंपाच्या खोलीतही त्याने एक चार्जर लावून ठेवला आहे. मी अवयवदानाचा अर्ज भरला आहे. घरच्यांना समोर बसवून सांगितलेही आहे, कारण शेवटी त्यांनाच विचारतात.

मेळाव्याच्या संयोजकांना दोन गोष्टी कळवतो. मेळावा रविवारी ठेवलात, बरे केलेत, त्या दिवशी त्याला मशिन नसते. आम्ही दोघे येऊ. त्याच्यासाठी थोडी भाजी मिठाशिवाय काढून ठेवावी, बटाटा-टोमॅटो नको, बाकी तो स्वतः बघून घेईल. आणि संगणक कक्षात जुन्यांपैकी एखादे मशिन अजून असेल, तर ते कोपऱ्यात चालू करून ठेवाल का? बाई येणार आहेत असे कळले. आम्ही आता नवव्या लेव्हलला आहोत, हे त्यांना दाखवायचे आहे.