सिंगलस्पीडला आता मागे २० दाते, आणि गिअरवालीचा हँगर सरळ : पावसाळ्यानंतरची नोंद

पाऊस संपला, पुण्यात टेकडीवरचा मुरूम परत घट्ट झाला, त्यामुळे दोन्ही सायकली नीट उघडून बसवल्या आणि काय काय बदललं ते इथे लिहून ठेवतोय. सिंगलस्पीड (एकाच गिअरची) आणि गिअरवाली अशा दोन्ही चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आधी सिंगलस्पीड. स्टीलची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), २९ इंची चाकं, स्लायडिंग ड्रॉपआऊट (मागचा ॲक्सल बसतो ती पुढेमागे सरकणारी जागा), पुढे ३२ दात्यांची रिंग आणि मागे आतापर्यंत १८ दात्यांची स्प्रॉकेट (दातेरी चकती) होती. पाषाण, सूस, नांदे या सपाट रस्त्याला १८ मस्त चालते, पण वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने वर येताना जिथे सुटे दगड लागतात तिथे पेडल अर्ध्यावर आलं की सगळं वजन टाकावं लागायचं आणि गुडघ्याला ते जाणवायचं. म्हणून २० लावली. आकडे मांडून बघा, २९ च्या चाकावर ३२/१८ म्हणजे एका पेडल फेरीत साधारण ४.०७ मीटर, ३२/२० म्हणजे साधारण ३.६६ मीटर. ८० कॅडेन्सला (मिनिटाला ८० पेडल फेऱ्या) ताशी १९.५ चा वेग १७.५ वर येतो, म्हणजे सपाटीला ताशी २ किलोमीटर गेले, पण चढावर त्याच जोरात जवळजवळ ११ टक्के जास्त ताकद चाकाला मिळते. मला हा सौदा एकदम मान्य आहे, कारण मी ही सायकल टेकडीसाठीच ठेवलीये.

सिंहगडाचा घाट पण २० वर करून बघितला. घाट साधारण ९ किलोमीटरचा, आणि ताशी ८ च्या वेगाने चढलं तर १८ वर कॅडेन्स ३३ येते आणि २० वर ३६-३७. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण उभं राहून चढताना पेडल वरच्या बिंदूवर अडकतं ना, ते अडकणं खूप कमी झालं. गिअरवालीवर ३२/५१ टाकलं की याच वेगाला ९० च्या वर कॅडेन्स मिळते आणि बसून गप्पा मारत वर जाता येतं, तो आनंद वेगळा आणि हा वेगळा. सिंगलस्पीडवर चढ सुरू व्हायच्या आधीच वेग घ्यावा लागतो, लाईन (चाक कुठून न्यायचं ती वाट) आधी ठरवावी लागते, हँडल खेचून पूर्ण पाठ वापरावी लागते. याच सवयीमुळे माझी गिअरवालीवरची लाईन पण सुधारलीये हे मी ठामपणे सांगेन, आता दगड दिसला की बोट आपोआप शिफ्टरवर जात नाही, आधी डोळे वाट शोधतात.

बसवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. एक दाता वाढला की ॲक्सल साधारण ३ मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो, म्हणजे १८ वरून २० ला ६ च्या आसपास. माझ्या स्लायडरमध्ये तेवढी जागा होती म्हणून चेन तीच राहिली. आणि ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) स्लायडरवरच बसलेला असल्यामुळे तो चाकाबरोबर सरकतो, परत सेट करायची गरज नाही. साधा आडवा ड्रॉपआऊट असेल आणि कॅलिपर फ्रेमवर असेल तर मात्र तो परत बघावाच लागतो. स्प्रॉकेट घेताना रुंद बुडाचीच घ्या, पातळ पत्र्याची असेल तर उभं राहून जोर दिला की ॲल्युमिनियमच्या फ्रीहब बॉडीत (हबच्या ज्या भागावर स्प्रॉकेट बसते त्यात) रुतते आणि मग काढताना फार त्रास.

चेनचा ताण हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. क्रँक हळू फिरवत बघा, एका जागी चेन घट्ट आणि एका जागी सैल लागते, कारण पुढची रिंग शंभर टक्के मध्यावर बसलेली नसते. बोल्टवाली रिंग असेल तर बोल्ट किंचित सैल करायचे, घट्ट जागेला चेनवर हलकं ठोकायचं, परत आवळायचे, असं करत करत फरक कमी होतो. सगळ्यात घट्ट जागीसुद्धा चेन थोडी वरखाली हलली पाहिजे. ताणून बसवली की शांत वाटते खरी पण बीबी (क्रँक ज्यात फिरतो तो भाग) आणि हबची बेअरिंग लवकर जातात. सिंगलस्पीडला मेंटेनन्सच नाही असं जे म्हणतात ते मला पटत नाही, कमी आहे पण जे आहे ते वेळेवर करावं लागतं.

आता गिअरवाली. १ बाय १२, म्हणजे पुढे एक रिंग आणि मागे १० ते ५१ दात्यांच्या १२ स्प्रॉकेट. पावसात एका दगडावर उजव्या बाजूला आडवी झाली होती, तेव्हापासून मधल्या दोन-तीन गिअरला चेन टकटक करायची. बॅरल (केबलचा ताण बदलायचा स्क्रू) फिरवून एक गिअर शांत केला की दुसरा बोलायचा, हे हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो तो तुकडा) वाकल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. हँगर तपासायचं टूल हाताशी नव्हतं, म्हणून जुन्या क्विक रिलीजवाल्या सायकलचं मागचं चाक वापरलं. त्याचा ॲक्सल १० मिलिमीटर जाडीचा आणि १ मिलिमीटर पिचचा असतो आणि बहुतेक हँगरचे आटे पण तेच. डिरेलर काढायचा, त्या चाकाचा ॲक्सल हँगरमध्ये हाताने फिरवून बसवायचा, आणि दोन्ही चाकं समांतर आहेत का ते वरून, पुढून, मागून पट्टी लावून मोजायचं. माझा हँगर खालून आत गेला होता, चाक धरून अगदी हळू बाहेर आणला. घाई केली तर ॲल्युमिनियम तुटतं, म्हणून एक नवा हँगर आधीच आणून ठेवला होता. त्यानंतर लिमिट स्क्रू (डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल ते ठरवणारे), मग ५१ वर चेन ठेवून बी-टेन्शन (डिरेलरचं स्प्रॉकेटपासूनचं अंतर), मग केबल, याच क्रमाने केलं आणि सगळे १२ गिअर शांत झाले. कुणाला गिअरचा त्रास असेल तर केबलच्या मागे लागायच्या आधी हँगर बघा, एवढंच कळकळीने सांगतो.

चेन दोन्हींच्या मोजल्या. चेकर नसेल तर स्टीलची पट्टी पुरते, नव्या चेनमध्ये एका पिनपासून २४ वी पिन बरोबर १२ इंचावर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली की ०.५ टक्के झिजली, १२ स्पीडची तिथेच बदलायची, नाहीतर महागडी कॅसेट (मागच्या स्प्रॉकेटचा संच) जाते. सिंगलस्पीडची एक अष्टमांशापर्यंत म्हणजे १ टक्क्यापर्यंत चालवता येते. माझी गिअरवाली चेन मर्यादेला आलीच होती, बदलली. लाल चिखल आणि मुरमाची पूड तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते, त्यामुळे पावसात प्रत्येक राईडनंतर चेन पुसणं मी सोडलं नाही, तरी एवढी झीज.

ब्रेक पॅड पण बघा मंडळी, रेझिनचे चिखलात फार पटकन संपतात. मी दोन्हीकडे मेटॅलिक टाकलेत, आवाज करतात पण सिंहगडावरून उतरताना तापले तरी धरतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरावरून जुन्या जाड टायरच्या, बहुतेक एकाच गिअरच्या सायकली उतरवायचे तेव्हा मागच्या कोस्टर ब्रेकचं (पेडल उलटं दाबून लागणाऱ्या, हबमधल्या) ग्रीस जळून जायचं आणि उतरल्यावर हब परत भरावा लागायचा, ते आठवलं की आपले डिस्क ब्रेक किती मोठी देणगी आहे ते कळतं. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू दाबत बऱ्याच वेळा वेग कमी करा, चाक लॉक न करता, मगच घाटात न्या.

टायर दोन्ही ट्यूबलेस, बाभळीच्या काट्यांमुळे टेकडीवर दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही. सीलंट (टायरमधलं, भोक बुजवणारं द्रव) उन्हाळ्यात लवकर सुकतं, तेव्हा व्हॉल्व्हमधून काडी घालून बघत राहा.

आणि एक विनंती, पाऊस पडून गेल्या गेल्या टेकडीच्या मातीच्या वाटांवर सायकल घालू नका. ओल्या मुरमात चाकाने चर पडतो, पुढच्या पावसात त्यातूनच पाणी वाहतं आणि वाट खचते. सकाळी फिरायला येणारे काका-काकू समोर आले की वेग पूर्ण कमी करा, अरुंद जागी उतरून बाजूला उभे राहा.

पुढचं काम म्हणजे सिंगलस्पीडचा फ्रीहब उघडून पॉल (चाक एकाच दिशेने पकडणारे छोटे खटके) आणि स्प्रिंग साफ करायचे, आवाज जरा दबलाय म्हणजे आत ग्रीस घट्ट झालंय. आणि १९ ची स्प्रॉकेट मागवलीये, बोपदेव घाटात १९ आणि २० दोन्ही लावून बघणार आहे, आकडे आले की टाकतो.