सुभेदार

दवाखान्यातल्या मुलीने ‘जखम कशाने झाली’ या रकान्यात आधी ‘कुत्रा’ लिहिलं, मग माझा चेहरा बघून खोडलं. “मांजर?” नाही. “माकड?” सिंहगड रस्त्याला राहतो म्हटल्यावर तिला ते पटण्यासारखं होतं. मी म्हटलं, “इग्वाना.” तिने पेन उचललं. “म्हणजे घोरपडच ना?”

नव्हे हो. घोरपड घरात ठेवणं हा गुन्हा आहे, वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसते. घोरपड मांस खाते, तिची जीभ सापासारखी दुभंगलेली. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा, शुद्ध शाकाहारी. आमच्या आईइतका शाकाहारी. हे सगळं रक्त गळणारा अंगठा धरून सांगायचं म्हणजे अवघडच. शेवटी तिने ‘इतर’ लिहिलं. तीन टाके पडले. वर रेबीजच्या लशीचाही आग्रह झाला. सरपटणाऱ्या प्राण्यांना रेबीज होत नाही हे मला भाच्याने पढवून ठेवलं होतं, पण हातात सुई असलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

प्राणी भाच्याचा. कॉलेजात असताना आणला तेव्हा वीतभर होता, पोपटी, शर्टाच्या खिशातून डोकं काढून बघायचा. सहा वर्षांत शेपटीसकट पाच फूट झाला. मग भाचा जर्मनीला शिकायला गेला आणि “मामा, फक्त सहा महिने” म्हणत सुताराकडून करून घेतलेला कपाटाएवढा पिंजरा, दिवे, आणि 2024च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलेल्या नोंदणीचे कागद असा सगळा संसार आमच्या मागच्या खोलीत लावून गेला. त्याने ठेवलेलं नाव रॉकी. पण खालचा वॉचमन जो भेटेल त्याला “काकांकडं घोरपड आलीय” असं सांगत सुटला, तेव्हा आईने बाल्कनीतून दिसणाऱ्या सिंहगडाकडे बघून नाव बदलून टाकलं. घोरपड ती यशवंती, तर हे सुभेदार.

सुभेदार पहिल्या दिवशी मान खालीवर करू लागले. आईला वाटलं, हो हो म्हणतंय बिचारं. ते ‘हो’ नव्हतं, ‘चालते व्हा’ होतं. गळ्याखालचं कातडं पंख्यासारखं ताणलेलं, अंग चपटं करून माझ्याकडे आडवं धरलेलं, म्हणजे आहे त्याच्या दुप्पट दिसावं. शेपटीचं टोक हळूच वळलेलं. मी पाण्याचं भांडं ठेवायला हात घातला आणि ‘फट्’ असा आवाज झाला. मनगटावर वळ उठला तो चार दिवस गेला नाही.

मग मी वेल्डिंगवाल्यांचे हातमोजे आणले. हातमोजे घातले की आपण आपोआप दांडगाई करू लागतो, हे तेव्हा कळलं नाही. रोज तेच. ते शेपूट चालवणार, मी दोन पावलं मागे. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. “मामा, तू मागे सरतोस म्हणून तर तो मारतो. त्याचं काम होतंय ना!” म्हणजे शिकवणी मीच लावली होती, आणि शिष्य हुशार निघाला होता.

खरी गोष्ट वेगळीच होती, ती पकडायला मला महिना लागला. इग्वानाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या जरा मागे, मोहरीएवढा एक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसणाऱ्याला वरून सावली पडली की ससाणा आला, एवढंच समजायचं असतं. आणि मी? पावणेसहा फुटांचा माणूस, रोज सकाळी उभ्याने, वरून हात घालणारा. त्या बिचाऱ्याच्या हिशेबी घरात रोज आठ वाजता ससाणा यायचा.

दुसऱ्या दिवसापासून मी पिंजऱ्याजवळ चटई टाकून बसू लागलो. काही करायचं नाही. पेपर वाचायचा. पान उलटायचं तेही हळू. गुडघे दुखायचे, पण साठीला टेकलेल्या माणसाला जमिनीवर बसायला डॉक्टरही सांगतातच. माझा न धुतलेला बनियन पिंजऱ्यातल्या फांदीवर टाकला, म्हणजे वास ओळखीचा व्हावा. आईने नाकाला पदर लावला, “काय थेरं ही!” पण सुभेदार आठव्या दिवशी त्या बनियनवर हनुवटी टेकून झोपलेले दिसले. आमच्या घरात त्या बनियनला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

खाण्याचा खातेबदलही तेव्हाच झाला. आई कौतुकाने पालक निवडून घालत होती, पण पालक कॅल्शियम अडवतो आणि या जातीची हाडंच मऊ पडतात. मग सोसायटीतल्या झाडाचा शेवग्याचा पाला, तुतीची पानं, किसलेला लाल भोपळा. आणि लाच म्हणून जास्वंदीचं फूल. फूल वरून नाही, खालून, नाकासमोर धरायचं. जीभ आधी टेकते, चिकट आणि गुलाबी, मग पाकळी ओढली जाते. देवाच्या परडीतलं एक फूल रोज कमी व्हायला लागलं, त्यावर आईने काही म्हटलं नाही. गणपतीने म्हटलं असेल तर माहीत नाही.

एकदा पहाटे पुण्याची थंडी पडली आणि दिवा गेला. सुभेदार इतके शांत की मी सरळ उचलून मांडीवर घेतलं. जिंकलो असं वाटलं. भाचा फोनवर ओरडलाच. गार पडलेला इग्वाना शांत नसतो, त्याला नुसता जोर नसतो. फांदीवर ऊन खायच्या जागी 35 अंश तरी हवेत, नाही तर खाल्लेलं पचत नाही. गरम झाले आणि मला एक फटका बसला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

अंगठ्याचं प्रकरण मात्र मार्गशीर्षातलं. अंगावर केशरी झाक चढली, खाणं कमी झालं, आणि चटईवरच्या तहाचा कागद त्यांनी फाडून टाकला. सुभेदारांनी गुडघ्याला बाशिंग बांधलं होतं, आणि नवरी म्हणावी तर सगळ्या पुण्यात शोधायची. त्यात समोरच्या लोखंडी कपाटाला आरसा. आरशात दुसरा केशरी दांडगा! दिवसभर त्याच्याशी भांडून तापलेल्या प्राण्याला मी जास्वंद दाखवायला गेलो, आणि त्याने फूल सोडून अंगठा घेतला. दात बारीक, पण करवतीचे. चूक माझीच. आरशावर आईचं जुनं लुगडं टाकलं आणि दोन महिने हात पिंजऱ्याबाहेर ठेवला.

नखं कापायला मात्र पशुवैद्यांकडे न्यावंच लागलं. मला वाटलं, आता इंजेक्शन वगैरे. त्यांनी मिटलेल्या डोळ्यांवर कापसाचे दोन बोळे ठेवले आणि वरून मऊ पट्टी सैलसर गुंडाळली. बस. डोळ्यांवर एवढा हलका दाब आला की एक मज्जातंतू हृदयाचे ठोके मंदावतो, असं ते म्हणाले. पाच फुटांचा तो चाबूक टेबलावर ओल्या टॉवेलसारखा पडून राहिला. नखं कापून झाली, पट्टी काढली, आणि एक सोनेरी डोळा सावकाश उघडला, दुपारच्या झोपेतून उठवल्यावर माणूस बघतो तसा.

हे प्राणी पाळू नयेत असंच माझं मत आहे. खिशात मावतो म्हणून आणावा आणि मग मामाला टाके पडावेत, हे काही बरं नाही. पण आता आहेत.

परवा व्हिडिओवर भाच्याला दाखवत होतो. मी चटईवर, सुभेदार फांदीवर, मधे हातभर अंतर. त्यांनी माझ्या बाजूचा डोळा मिटला, दुसरा उघडा. “मामा!” भाचा तिकडून ओरडला, “तुझ्याकडचा डोळा मिटला! म्हणजे तुझी भीती गेली.” की मी आता बघण्याच्या लायकीचाही उरलो नाही? तो म्हणाला, दोन्ही असू शकतं.

एवढ्यात सुभेदार शिंकले. रक्तातलं जास्तीचं मीठ ते नाकाने बाहेर टाकतात, त्याचे पांढरे ठिपके माझ्या चष्म्यावर.

“शतंजीव,” आई आतून म्हणाली.

मी चष्मा पुसता पुसता हिशेब केला. नीट सांभाळला तर हा प्राणी वीस वर्षं जगतो. सहा झाली. राहिली चौदा. मी अठ्ठावन्न.

“आई,” मी म्हटलं, “वीसच म्हण ना.”