काळ्या मातीत पाया रुंद केल्याने काय होतं?

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात काळीवर घर काढलं की मिस्त्रीचा सल्ला ठरलेला: "पाया रुंद घ्या." चिखलात फळी टाकून उभं राहावं, तसा हा विचार. पण आपल्याकडची एकमजली घरं वजनाने खचून कमी, आणि पावसाळ्यात माती ओली होऊन फुगली की उचलली जाऊन, उन्हाळ्यात ती सुकली की पुन्हा खाली बसून जास्त तडकतात.

हिशेब करून बघा. विटेची भिंत आणि वर स्लॅब, धरा भिंतीच्या मीटरभर लांबीमागे ४ टन. ६० सेंमी रुंद पायावर दाब येतो सुमारे ६.७ टन प्रति चौरस मीटर. रुंदी १ मीटर केली की उरतो ४. आणि काळीचा फुगण्याचा दाब? अनेकदा चौरस मीटरला १० ते ३० टन. म्हणजे पैसे आपले गेले आणि उचलायचं काम मातीला सोपं झालं.

तपासणीचा अहवाल वाचतानाही गफलत होते. लिक्विड लिमिट (किती टक्के पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते तो आकडा) ७० असेल तर मृदा अभियंता स्केम्प्टनच्या सूत्राने, ०.००९ × (७० − १०), दबण्याचा निर्देशांक ०.५४ येतो. थर २ मीटर, पोकळीचं गुणोत्तर (मातीतली पोकळी भागिले घन कण) १, दाब ५ चा १० टन झाला, तर खचणं तब्बल १६ सेंमी! हे सूत्र पूर्वी जास्त दाब न सोसलेल्या मऊ चिकणमातीचं आहे. आपली काळी दर मे महिन्यात सुकते, भेगाळते आणि आतल्या आत आवळून घट्ट होते, म्हणून वरच्या थराचं खरं खचणं याच्या कितीतरी कमी. बुजवलेल्या तलावाची कायम ओली माती मात्र वेगळी. तिथे हा आकडा गंभीरपणे घ्या.

फुगवटा मोजणं सोपं आहे. वाळवून कुटलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. १०-१० ग्रॅम दोन मोजनळ्यांत घ्या. एकीत १०० मिलीपर्यंत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत तेवढंच रॉकेल. ढवळून हवा काढा, २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिली आणि पाण्यात २२ मिली भरली, तर फुगवटा १२० टक्के. १०० च्या वर गेला की साधा उथळ पाया विसरा.

मुरूम दीड-दोन मीटरवर लागत असेल तर सरळ त्यावर बसा. नसेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला, खाली फुगीर काँक्रीटचा खांब: किमान साडेतीन मीटर खोल, ३० सेंमीच्या दांड्याला खाली ७५ सेंमीचा फुगा. फुगणारी माती पाइलला वर ओढते, त्यामुळे सळया पूर्ण लांबीच्या हव्यात. तळाची सुटी माती काढून त्याच दिवशी काँक्रीट ओता. प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईखाली) माती फुगायला ८ सेंमी पोकळी ठेवा. ती नंतर कुणी भरत नाही ना, यावर लक्ष असू द्या. बहुतेक ठिकाणी भरतातच.

खोदलेली काळी जोत्यात परत टाकली की फरशी उचलते. मुरूम १५-१५ सेंमीच्या थरांत ओला करून ठोका. पायाभोवती वाळू नको, ती पाणी साठवते. घराभोवती दीड मीटर फरसबंदी, उतार बाहेर, आणि न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब न्या.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल तर लगेच सिमेंट भरू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख टाका, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. श्रावणात बुजवलेली भेग बहुधा एप्रिलमध्ये शेजारून उघडते.