आमची वाटचाल : राखणीच्या कोंबड्यापासून कोंबड्यांच्या राखणीपर्यंत

संगमेश्वर तालुक्यात देवरुखच्या बाजूला, सह्याद्रीच्या उतारावरच्या आमच्या वाडीत कोंबड्या कोणी मुद्दाम पाळत नसे. त्या घरात असतच. सासूबाईंच्या काळी पडवीच्या कोपऱ्यात एक खुराडे होते, त्यात आठ-दहा गावठी कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा असे, आणि त्यांची मोजदाद वर्षातून दोनच वेळा होई, एकदा मुंबईचे चाकरमानी घरी आल्यावर आणि एकदा गावाच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबड्याची राखण द्यायची वेळ आल्यावर. राखणीसाठी आजूबाजूच्या वाड्यांतले लोकही आमच्याकडे कोंबडा मागायला येऊ लागले, आणि एका वर्षी एकाच आठवड्यात सात जणांना रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले. त्या सात जणांमुळे आमचा व्यवसाय उभा राहिला, असे म्हणायला हरकत नाही. २०१५ सालच्या मे महिन्यात मी आणि यजमानांनी गिरिराज जातीची शंभर एकदिवसीय पिल्ले आणली, घरच्या पाच खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या आणि एक जाड वही विकत घेतली.

त्या वहीतली पहिली दोन वर्षे वाचायला मला आजही आवडत नाही. विक्रीची अडचण कधीच नव्हती. आषाढात, शिमग्यात आणि मे महिन्यात माल कमी पडे आणि श्रावणात तेवढी विक्री मंदावे, हे आम्हाला ठाऊक होते. मर रोगानेही फारशी झाली नाही, कारण लासोटा, गंबोरो आणि देवी या लसी आम्ही वेळच्या वेळी दिल्या. वहीत तिसरा रकाना होता 'गेलेली', आणि तो रकाना दर महिन्याला भरत होता. २०१७-१८ या वर्षात आमच्याकडे लहानमोठी मिळून सहाशे चाळीस पिल्ले वाढीला लागली, त्यांपैकी एकशे एकतीस रानाने नेली. पाचांतला एक पक्षी आम्ही रानासाठी वाढवत होतो.

'रानाने नेली' असे सगळे म्हणतात, पण रानात कोणी नेली हे ओळखता आल्याशिवाय उपाय करता येत नाही, हे शिकायला आम्हाला वेळ लागला. मुंगूस दिवसाढवळ्या येते, गडग्याच्या दगडांच्या फटींतून ये-जा करते, मान किंवा डोके धरते, आणि संधी मिळाली तर एकावर थांबत नाही. रानमांजर सांज-सकाळच्या अंधूक उजेडात येते, एकच पक्षी उचलते आणि मागे चार पिसांखेरीज काही ठेवत नाही. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, रात्रीचा, छपराच्या बाजूने उतरणारा. त्याला आम्ही कित्येक दिवस बोका समजत होतो. घार आणि शिक्रा उघड्या अंगणातली लहान पिल्ले नेतात, कावळ्यांनीही आमची चार-सहा दिवसांची पिल्ले नेली आहेत, आणि घोरपडीला अंड्यांचा वास लागला की ती पुन्हा पुन्हा येते. मात्र एका रात्रीत वीस पक्षी मारून, एकही न खाता, सगळे अंगणभर पसरलेले दिसले, तर ते काम बहुधा कुत्र्यांचे असते. आमचे सर्वांत मोठे एकरकमी नुकसान कोणत्याही जंगली जनावराने केलेले नसून गावातल्याच मोकाट कुत्र्यांनी केलेले आहे. शेजाऱ्यांनी विषाचा आणि फासक्यांचा सल्ला दिला. मुंगूस, रानमांजर, घोरपड हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि विष टाकले की ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडात जाईल याचा नेम नसतो, म्हणून तो मार्ग आम्ही तिथेच सोडला.

आम्ही आधी जाळी केली. बाजारात कुंपणाला जी मोठ्या डोळ्यांची तारेची जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही; हा धडा आम्ही अकरा हजार रुपये देऊन घेतला. नंतर खुराड्याला अर्ध्या इंचाच्या डोळ्यांची वेल्डिंगची जाळी बसवली, ती खाली एक फूट चिऱ्याच्या मातीत गाडली आणि कवाडीला दुहेरी कडी लावली. त्यामुळे रात्रीचे नुकसान जवळजवळ थांबले. दिवसा मात्र कोंबड्या मोकळ्याच हव्या होत्या. आमच्या अंड्याला जो भाव मिळतो तो कोंबडी परसात हिंडते, कणी-कोंड्यासोबत वाळवी आणि गवत खाते म्हणूनच मिळतो, आणि दीड एकर परसाला झाकणारी जाळी आमच्यासारख्यांना परवडत नाही.

कुत्र्याचा विचार असा उशिराने आला, आणि आला तोही चुकीच्या दिशेने. एका ओळखीच्या गृहस्थांनी कारवान जातीचे पिल्लू देऊ केले होते. जनावर देखणे, चपळ, आणि आम्ही भाळलोही. पण दख्खनच्या या कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या पळत्या सशामागे धावण्यासाठी वाढवलेले आहे, आणि फडफडत पळणारी कोंबडी त्याच्या डोळ्यांना दुसरे काही वाटण्याची शक्यता कमी. शिकारीचे कुत्रे आणि राखणीचे कुत्रे ही दोन वेगळी कामे आहेत. हे आम्हाला डोंगरमाथ्यावरच्या गवळी-धनगरांच्या वाड्यावर कळले. तिथे म्हशींच्या वासरांमध्ये कुत्री निजलेली होती आणि त्यांच्या अंगावरून कोंबड्या चालत होत्या. वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या मामांनी मला सांगितले, "बाय, कुत्र्याची जात नको बघू, त्याची आईस बघ." आम्ही आईस बघितली. ती अनोळखी माणसावर भुंकली, पण वासराच्या आणि त्या माणसाच्या मध्ये येऊन भुंकली, अंगावर धावली नाही. २०१८ च्या कार्तिकात, दिवाळी आटोपल्यावर, तिचे दोन महिन्यांचे पिल्लू आम्ही घरी आणले. शेपटीच्या टोकाला पांढरा झुपका होता, म्हणून नाव गोंड्या.

त्याला पहिल्या दिवसापासून खुराड्याला लागून असलेल्या जाळीपलीकडे ठेवले, म्हणजे त्याला कोंबड्यांचा वास, आवाज आणि फडफड यांची सवय व्हावी पण तोंड पोचू नये. दुसऱ्या आठवड्यात त्याला दोरीला धरून एका खुडूक कोंबडीजवळ नेले. तिने नाकावर चोच मारली. तो आठवडाभर तिच्या वाटेतून बाजूला होत असे, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या शिक्षणात त्या चोचीइतके मोलाचे दुसरे काही नव्हते. खाण्याचा नियम कडक होता: नाचणीची भाकरी ताकात कुस्करून, भात, आणि तडकलेली अंडी मिळाली तर ती उकडून. कच्चे अंडे, कोंबडीची आतडी किंवा मेलेले पिल्लू कधीही नाही. मेलेला पक्षी त्याच्या नजरेआड, खोल खड्ड्यात पुरायचा. पार्व्होच्या लसीचे सगळे डोस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दिली. रेबीजची लस आम्ही दर वर्षी न चुकता देतो, कारण ज्या जनावरांशी त्याची गाठ पडते त्यांच्यापैकी कोणालाही हा रोग असू शकतो.

एवढे करूनही नवव्या महिन्यात त्याने अकरा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, मारल्या. आम्ही लग्नाला गेलो होतो, तो मोकळा होता, आणि एक तलंग पळाली तेव्हा तो खेळायला मागे धावला असावा. एकीनंतर दुसरी, असे अकरा वेळा. एकही खाल्लेली नव्हती. सासूबाईंनी त्या दिवशी जेवण केले नाही. कोणी सांगितले की मेलेली कोंबडी गळ्यात बांधा, कोणी म्हणाले की एकदा रक्त लागले की कुत्रा सुटत नाही, आता त्याला देऊन टाका. आम्ही दोन्ही केले नाही. चूक आमची होती. आठ-नऊ महिन्यांचे कुत्रे म्हणजे चौदा वर्षांचा मुलगा, त्याच्यावर परस सोपवून लग्नाला जायचे नसते. पुढचे आठ महिने तो लांब दोरीवर राहिला, माझ्या कमरेला ती दोरी बांधून मी परसातली सगळी कामे केली, आणि कोंबडीकडे रोखून पाहिले की 'सोड' आणि नजर वळवली की भाकरीचा तुकडा, एवढाच धडा दिवसातून शंभरदा चालला. मारले एकदाही नाही. वर्षाचा झाल्यावर त्याचे खच्चीकरणही करून घेतले, त्यामुळे त्याचे गावभर भटकणे थांबले. तो खरोखर भरवशाचा झाला तो दोन वर्षांचा झाल्यावर. ज्यांना कुत्रा आणून पुढच्या महिन्यात राखण हवी आहे, त्यांनी जाळीवरच पैसे खर्च करावेत.

त्याचे काम पाहताना एक गोष्ट लक्षात आली, जी आम्ही शिकवलेली नव्हती. कोंबडा दोन प्रकारे ओरडतो. आकाशात घार दिसली की लांब, बारीक, ओढलेला आवाज काढतो, आणि पिल्ले जिथे असतील तिथे झुडपात दडतात. जमिनीवरून कोणी आले तर तुटक, मोठ्याने, थांबत थांबत ककलत राहतो. गोंड्या या दुसऱ्या आवाजावर झोपेतूनही उठतो आणि कोंबड्याचे तोंड ज्या बाजूला असेल तिकडे धावतो. मुंगसाशी त्याची प्रत्यक्ष झुंज फार क्वचित होते. तो गडग्याच्या कडेने दिवसातून चार-पाच फेऱ्या मारतो, कोपऱ्याकोपऱ्यावर मुततो, आणि त्या वासाने व वावराने मुंगसांनी आपली वाट बदलली आहे. घारीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. तो वर पाहून भुंकतो, घार तिचे काम करून जाते. म्हणून लहान पिल्ले आजही पहिले सहा आठवडे आंब्याखाली जाळीच्या आडोशातच असतात.

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नम्बूल गावाजवळच्या मिडल आयलंड या बेटावरची हकीकत माझ्या भाच्याने मला वाचून दाखवली. तिथल्या छोट्या पेंग्विनांना कोल्ह्यांनी इतके मारले की दहासुद्धा उरले नव्हते, आणि २००६ साली तिथे मारेम्मा जातीची इटालियन राखणी कुत्री ठेवली गेली. ती कल्पना एका कोंबडीपालकाची होती. त्याच्या मोकळ्या कोंबड्यांना हीच कुत्री कोल्ह्यांपासून राखत. हे ऐकून मला आमच्या धंद्याबद्दल जरा जास्तच अभिमान वाटला, हे कबूल करते.

आमच्याकडचा प्रश्न मात्र कोल्ह्यावर संपत नाही. २०१९ च्या थंडीत शेजारच्या वाडीतला साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याने ओट्यावरून नेला. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा जो अभ्यास केला, त्यात त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. म्हणजे राखणीला ठेवलेला कुत्रा बिबट्याला दूर ठेवत नाही, उलट बोलावतो. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात असे ऐकून आम्ही लोहाराकडून तसा पट्टा करवून घेतला. दुसऱ्याच दिवशी तो जाळीत अडकला आणि सोडवताना यजमानांचा तळहात फाटला. पट्टा आता माळ्यावर आहे. नंतर खुराड्याला लागूनच, चिऱ्याच्या भिंतींची आणि वर पक्क्या जाळीची सहा बाय आठ फुटांची खोली बांधली. दिवेलागणीला कोंबड्या आत, मग गोंड्या त्याच्या खोलीत, मग दोन्ही कड्या. रात्री तो आतून भुंकतो, आम्ही बाहेरचा दिवा लावतो, आणि माणूस बाहेर पडायचे ते दोघांनी मिळून, विजेरी घेऊन. बांधून ठेवलेला कुत्रा पळूही शकत नाही, त्यामुळे आमच्याकडे रात्री साखळी वर्ज्य आहे.

वहीत गोंड्याचे स्वतंत्र पान आहे. खाणे, लसी, जंताची औषधे आणि पावसाळ्यातला गोचिडांचा खर्च धरून महिन्याला साधारण अठराशे रुपये पडतात, खोलीला एकदाच बेचाळीस हजार लागले. २०२२-२३ मध्ये आम्ही सातशे दहा पिल्ले वाढवली आणि 'गेलेली' रकान्यात एकोणतीस लिहिली, त्यांतली बावीस घारीची आणि कावळ्यांची. वाचलेल्या पक्ष्यांच्या किमतीतून कुत्र्याचा खर्च निघून बरेच उरते, पण माझी दोरीला बांधलेली आठ महिन्यांची मजुरी त्यात मी धरलेली नाही. ती धरली तर हिशेब बराच उशिराने जमतो. मधल्या काळात फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीने करोना होतो अशी अफवा उठून भाव कोसळले. टाळेबंदीत गावी परतलेल्या चाकरमान्यांनी अंडी दारातूनच नेली, म्हणून ते वर्ष निभावले. आता महिन्याच्या पिल्लांची विक्री अंड्यांपेक्षा मोठी झाली आहे, आणि नेणाऱ्याला आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो, रात्री खुराड्याची कडी कोण लावणार?

गोंड्या आता म्हातारपणाकडे झुकला आहे. दुपारची फेरी तो हल्ली टाळतो आणि कोंबड्याच्या हाकेला उठायला एक क्षण जास्त घेतो. म्हणून गेल्या आठवड्यात त्याच डोंगरवाड्यावर जाऊन एक पिल्लू आणले, या वेळी मादी. मामा आता नाहीत, त्यांच्या सुनेने निवडून दिले. तिचे वहीतले पान उघडले आहे. जाळीपलीकडचा पहिला आठवडा झाला, आणि काल संध्याकाळी तिला दोरीला धरून खुडूक कोंबडीजवळ नेले. कोंबडीने मान वर केली, पिसे फुलवली, आणि गोंड्या दोन पावले मागे सरून बसला.