हौदातले मासे आणि निफाडची थंडी

आमच्या परसात गोठ्याला लागून जनावरांचा जुना हौद आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल. बैलजोडी विकली, मागोमाग गाय गेली आणि हौद नुसता पावसाचं पाणी साठवत पडून राहिला. एका पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या ताई डासांच्या अळ्या बघत घरोघर फिरत होत्या. "आठवड्यातून एकदा कोरडा करा, नाहीतर हे घ्या," म्हणत त्यांनी पिशवीतले वीसेक गप्पी मासे हौदात सोडले आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं टाकतात, तीही साधारण महिन्या-महिन्याला. दिवाळीपर्यंत मोजायची सोय राहिली नव्हती. अळ्या गेल्या, पण मला हाव सुटली. इतकं पाणी आहे, त्यात नुसते राखाडी मासे काय बघायचे?

भाऊबीज झाल्यावर नाशिकला गेले. दुकानदाराला म्हटलं, दोन फूट पाणी भरलं तर १,८०० लिटर होतं. तो खूश. लाल स्वोर्डटेल, काळ्या मोली, सहा एंजल, पंधरा निऑन टेट्रा आणि "शेवाळ खातो" म्हणून बोटाएवढा एक सकर. हीटरचं विचारलं तर म्हणाला, "काही नको हो ताई, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?" हे निफाडच्या बाईनं मान डोलावून ऐकून घेतलं, याची मला आजही लाज वाटते. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा टीव्हीवर झळकतो तो आमच्याच गावाशेजारचा.

निऑन पहिल्याच दिवशी हिरव्या पाण्यात दिसेनासे झाले ते कायमचे. एंजल गप्पीची पिल्लं वेचून खात सुटले. तरी नोव्हेंबर बरा गेला. डिसेंबरच्या शेवटी गारठा पडला. रात्री बागांमधून शेकोट्यांचा धूर दिसायला लागला तेव्हा घरात बसून मी द्राक्षांचीच काळजी करत होते. सकाळी हौदावर गेले तर एंजल आडवे तरंगत होते. मुलाच्या प्रयोगाच्या पेटीतला थर्मामीटर बुडवला. १३ अंश. आणि याच पाण्यात आदल्या दिवशी दुपारी हात घातला तेव्हा ते कोमट लागलं होतं!

नंतर कळलं ते असं. या माशांना २२ ते २८ अंशांचं पाणी मानवतं, पण आकड्यापेक्षा चढउतार त्यांना जास्त मारतो. आमचा हौद जमिनीच्या वर, चारी भिंती वाऱ्याला उघड्या. दिवसभर तापतो, रात्रभर निवतो. जमिनीत खोल खणलेलं तळं इतकं हेलकावत नाही. आठवड्याभरात उरलेल्या स्वोर्डटेलच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. साडेतीन किलो खडे मीठ विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं ओतलं. लिटरला दोन ग्रॅम पडलं. मोली आणि गप्पी मीठ सहज सोसतात. पण थंड पाण्यात तो रोगही सावकाश चालतो, त्यामुळे उपायही लांबतो. तीन आठवडे गेले. शिवाय मासे गारठलेत, अशक्त झालेत म्हणून मी दोन वेळा खायला टाकत होते. गारठलेल्या माशाला पचत नाही. खाद्य तळाशी कुजलं आणि पाण्याला वास मारायला लागला. मेलेल्यांतले निम्मे थंडीचे आणि निम्मे माझ्या मायेचे, असं आमच्या घरात म्हणतात.

सगळ्या थंडीत टिकले ते फुकटात आलेले गप्पी आणि तळाशी दगडासारखा बसलेला तो सकर.

शेजारच्या आण्णांची (माझे चुलत सासरे) द्राक्षबाग आहे. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हसले. "सूनबाई, बागेला आम्ही पहाटे काय करतो? विहिरीचं पाणी सोडतो. ते ऊन असतं. तुझ्या हौदाला सोडून बघ की." इतकी साधी गोष्ट! हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी अंगावर घेतलं की कढत वाटतं, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. थर्मामीटर लावला तर २५ अंश.

पुढच्या हिवाळ्यात तेच केलं. पारा १४ वर आला की हौदातलं ४०० लिटर पाणी केळीला सोडायचं आणि तितकंच विहिरीचं घ्यायचं. हौद साडेसोळावर येतो. आकडा लहान दिसतो, पण त्यावर मासे जगतात. आमच्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नाही, ही आणखी एक सोय. मात्र ते खोलातलं पाणी, त्यात प्राणवायू कमी. म्हणून पाइप बुडवून ठेवत नाही, तोंडाला जुनी झारी बांधून उंचावरून पाडते. अडचण विजेची. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात रात्रीची, दुसऱ्यात दिवसाची. दिवसाची पाळी असली की संध्याकाळी हौद काठोकाठ भरायचा आणि बांबूंवर बागेतलं जुनं प्लास्टिक टाकायचं. सकाळी आठला ते काढायचं. न विसरता.

उन्हाळा सोपा जाईल वाटलं होतं. एप्रिलमध्ये एकदा पहाटे पाचला गेले तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. थंडी नाही, रोग नाही. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो वापरतं, आणि कोमट पाण्यात तो मुळात कमी मावतो. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट. आता पश्चिमेकडून ५० टक्के शेडनेट लावलंय, अर्ध्या हौदावर कुमुदाची पानं आहेत आणि पहाटे अर्धा तास झारी चालते. जलपर्णी मात्र ठेवू नका. मी ठेवली होती. महिन्यात हौद दिसेनासा झाला.

मांजर, खंड्या, ढोकरी यांचं सांगत बसत नाही. त्यांनाही पोट आहे आणि माझ्याकडे जाळी आहे. एक मात्र पावसाळ्याच्या आधीच करून घ्या. हौद भरून वाहिला की पिल्लं ओढ्याला लागतात, म्हणून सांडव्याच्या पाइपाला बारीक जाळी बांधा आणि मुसळधार पावसात ती पानांनी तुंबली नाही ना, हे भिजत जाऊन बघा.

आता उरला तो सकर. बोटाएवढा आणला होता, सध्या माझ्या कोपरापासून मनगटाएवढा आहे. दुकानदाराला परत घेता का विचारलं, तर म्हणाला, "द्या की नदीला सोडून." आमची नदी म्हणजे गोदावरी, आणि खाली नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली. तिकडे उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात हाच मासा येतो आणि जाळी फाडतो. त्याला खाणारं तिथं फारसं कोणी नाही, विकत घेणारंही नाही. असल्या पाहुण्याला नदीत सोडायला माझा हात धजत नाही. मारायचाही धीर होत नाही. शेवाळ तर तो कधीच नीट खात नव्हता. रोज रात्री काकडीची चकती टाकली की तळातून वर येतो. परवा आण्णांनी विचारलं, "हा अजून किती वाढायचा गं?" मी म्हटलं, हौद आठ फुटी आहे.